१०० जीबीची कोरी ब्लू-रे डिस्क: यापुढे मिळेल का, परवडेल का?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या व्हीएचएस आणि मिनी-डीव्ही कॅसेटी संगणकावर उतरवून द्यायचं काम मी करतो. काम हातात देताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे ठेवू कशावर?" त्यातून जे प्रश्न पुन्हापुन्हा निघतात ते इथे घेतले आहेत. 'डिस्क' म्हणजे इथे चकती, म्हणजे सीडी-डीव्हीडीच्या कुळातली; ब्लू-रे ही त्यांच्या पुढची पिढी. हार्ड डिस्कबद्दल बोलायचं असेल तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

कोऱ्या ब्लू-रे डिस्क बंद झाल्या असं ऐकलं. खरं का?

नाही. दोन बड्या जपानी कंपन्या मैदान सोडून गेल्या, एवढं खरं. पॅनासोनिकने फेब्रुवारी २०२३ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. सोनीने २०२४ च्या मध्यावर मियागी प्रांतातल्या तागाजो कारखान्यातली सुमारे २५० माणसं कमी करायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्क, मिनीडिस्क आणि मिनी-डीव्ही कॅसेट यांचं उत्पादन संपेल. यांच्या जागी नवं मॉडेल येणार नाही, हेही त्याच निवेदनात होतं. माझ्या मते खरी बातमी तीच होती. कारखाना बंद पडला तर दुसरा उभा राहतो, पण आपणच काढलेल्या मालाला वारस नको असं मूळ कंपनी म्हणते तेव्हा पुढचं पान कोरंच राहणार हे समजावं.

माल मात्र येतो आहे. आज जगभर ज्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क विकल्या जातात त्यांतल्या बऱ्याचशा तैवानमधून निघतात. व्हर्बॅटिम हे नाव जुन्या लोकांना फ्लॉपीपासून माहीत आहे. मित्सुबिशी केमिकलकडून ते २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सने विकत घेतलं. सोनी गेल्यावर व्हर्बॅटिमच्या जपानी शाखेने आणि आय-ओ डेटा या कंपनीने मिळून तिथला पुरवठा चालू ठेवू असं सांगितलं आहे.

पण दुकानात सिनेमांच्या नव्या ब्लू-रे दिसतात. मग बंद काय झालं?

हा घोळ बातम्या वाचताना बहुतेकांचा होतो. सिनेमाची किंवा गेमची डिस्क साच्यातून दाबून काढतात, तिच्यावर लेसरने काही लिहिलेलं नसतं. कोऱ्या डिस्कमध्ये लिहिण्याजोगा वेगळा थर असतो, तिची यंत्रं वेगळी आणि गिऱ्हाईकही वेगळं. सोनीने बंद केली ती ही दुसरी जात. ४के सिनेमा आणि प्लेस्टेशन ५ चे गेम अजून १०० जीबीपर्यंतच्या दाबीव डिस्कवर येतात.

याचा आपल्याला आडून एक फायदा आहे. ब्लू-रे वाचणारी लेसरची डोकी त्यामुळे अजून बनताहेत. ज्या दिवशी गेमवाले डिस्क सोडतील त्या दिवसापासून वाचणारं यंत्र मिळणंही जड जाईल.

२५, ५०, १००, १२८ हे आकडे कशाचे?

थरांचे. एका थराची डिस्क २५ जीबीची, दोन थरांची ५० ची. जून २०१० मध्ये बीडीएक्सएल नावाचा नमुना ठरला. त्यात तीन थरांत १०० आणि चार थरांत १२८ जीबी बसवले. तीन गुणिले पंचवीस तर पंचाहत्तरच होतात! म्हणजे थर वाढवलेच, शिवाय दर थरावरची लिखावटही दाट केली, साधारण ३३ जीबीपर्यंत. जुना ब्लू-रे रायटर बीडीएक्सएल डिस्कपुढे हात टेकतो तो याच दाटीमुळे. १२८ ची डिस्क एकदाच लिहिता येते, १०० ची पुसून पुन्हा लिहिण्याजोगीही येते.

संगणक १०० जीबीच्या डिस्कवर ९३ च्या आसपास जागा दाखवतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.

१०० जीबीची डिस्क २५ च्या चौपट दरात मिळायला हवी ना? ती त्याहून महाग का?

कारण थर एकावर एक चढवताना माल वाया जातो. ब्लू-रेचा लेसर ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. सीडीचा ७८० चा आणि डीव्हीडीचा ६५० चा. उजेडाच्या लहरीची लांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक, म्हणून त्याच आकाराच्या चकतीत जास्त मावतं. पण मग सगळंच नाजूक होतं. सीडीत लेसरला १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक ओलांडून लिखावटीपर्यंत जावं लागतं, ब्लू-रेत वरचं कवच फक्त ०.१ मिलिमीटरचं. तेवढ्या जाडीत तीन किंवा चार थर, त्यांच्या मधले पारदर्शक पट्टे, आणि सगळ्यात खालच्या थरापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून वरचे थर अर्धपारदर्शक ठेवायचे.

आता समजा, एक थर नीट बसण्याची खात्री शंभरात ९५ आहे. तीन थर नीट बसण्याची खात्री ८६ वर येते आणि चौथा चढवला की ८१ वर. उरलेला माल भंगारात, आणि त्याचा खर्च चांगल्या डिस्कच्या किमतीत. त्यात बीडीएक्सएलचा खप पहिल्यापासून थोडा. म्हणून एका जीबीमागे पडणारे पैसे मोजले तर १०० जीबीची डिस्क २५ पेक्षा बहुतेक वेळा दुपटी-तिपटीने महाग पडते, आणि खोक्यावर 'एम-डिस्क' (फार टिकाऊ म्हणून विकला जाणारा प्रकार) लिहिलेलं असेल तर त्याहूनही.

सीडी नाही का आधी महाग होती आणि मग पाच-दहा रुपयांना मिळू लागली? तसंच याचं होईल.

होणार नाही. या प्रश्नावर लोक नाराज होतात, पण हिशोब सरळ आहे.

सीडी आणि डीव्हीडी स्वस्त झाल्या त्या खपामुळे. प्रत्येक संगणकाला रायटर होता, प्रत्येक नाक्यावर 'सीडी मारून मिळेल'ची पाटी होती, आणि त्या खपाच्या जोरावर कारखान्यांनी एकमेकांच्या किमती पाडल्या. आपल्याकडची मोझर बेअर हे त्याचं ठळक उदाहरण. १९८३ मध्ये निघालेली ही कंपनी आधी फ्लॉपी बनवायची, पुढे कोऱ्या सीडी-डीव्हीडीच्या धंद्यात जगातल्या पहिल्या काही कंपन्यांत जाऊन बसली. २००७ मध्ये तिने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा फुटपाथवरच्या चोरट्या मालाची किंमतही त्याच घरात होती. ब्लू-रेच्या कोऱ्या डिस्कही तिने बनवल्या. मग पेन ड्राइव्ह आले, मोबाइलचं इंटरनेट आलं, सौरऊर्जेच्या धंद्यात घातलेला पैसा बुडाला आणि कर्ज डोक्यावर राहिलं. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला.

ब्लू-रेच्या वाट्याला ती लाट आलीच नाही. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये ब्लू-रेच्या स्पर्धेतली एचडी डीव्हीडी सोडून दिली आणि ब्लू-रे जिंकली, पण तोवर लॅपटॉपमधून ड्राइव्हच गायब होऊ लागले होते. कोऱ्या ब्लू-रेचा मोठा खप राहिला तो जपानात, तोही टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून जपण्याच्या तिथल्या सवयीमुळे. आता तिथेही लोक ऑनलाइन बघतात. घटत्या मागणीच्या मालाचं उलटं होतं: बनवणारे कमी, म्हणून भाव धरून राहतो किंवा चढतो. आज दिसतो तो भाव महाग वाटत असला तरी पुढच्या पाच वर्षांत याहून स्वस्त मिळेल अशा भरवशावर थांबू नका.

३०० जीबीची, १ टीबीची डिस्क येणार होती. तिचं काय झालं?

आली होती, घरापर्यंत पोहोचली नाही. मार्च २०१४ मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने मिळून 'आर्काइव्हल डिस्क' जाहीर केली. ३०० जीबीपासून सुरुवात, मग ५००, मग १ टीबी असा बेत होता. सोनीने अशा अकरा डिस्क एका काडतुसासारख्या डबीत भरून टीव्ही वाहिन्यांना आणि अभिलेखागारांना विकल्या. २०२० च्या पिढीत एका डबीत ५.५ टीबी मावायचे. १ टीबीचा टप्पा बाजारात आलाच नाही आणि पुढे सगळा प्रपंचच गुंडाळला गेला.

त्याच सुमारास, २०१४ च्या जानेवारीत, फेसबुकने एक कपाट दाखवलं होतं. आत सुमारे दहा हजार ब्लू-रे डिस्क, त्या उचलणारा यांत्रिक हात आणि एकूण जागा १ पेटाबाइट, म्हणजे हजार टीबी. त्या वेळी बऱ्याच जणांना वाटलं, एवढं मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणजे डिस्कला भाग्याचे दिवस आले. पण मोठ्या डेटा केंद्रांनी शेवटी चुंबकीय टेप आणि हार्ड डिस्क यांच्यावरच भर ठेवला.

त्याआधीची यादीही लांब आहे. पायोनियरने २००८ मध्ये १६ थरांची ४०० जीबीची डिस्क दाखवली. जीईने (जनरल इलेक्ट्रिक) २००९ मध्ये ५०० जीबीची होलोग्राफिक, म्हणजे नुसत्या थरावर न लिहिता चकतीच्या जाडीत लिहिणारी, डिस्क प्रयोगशाळेत चालवून दाखवली. इनफेज ही अमेरिकी कंपनी ३०० जीबीची होलोग्राफिक डिस्क आज आणते, उद्या आणते म्हणत २०१० मध्ये बंद पडली. फोलिओ फोटॉनिक्सने २०२२ मध्ये १ टीबीची डिस्क दोन वर्षांत देऊ असं सांगितलं होतं. यातली एकही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या दुकानात पोहोचली नाही.

चीनमध्ये २०० टीबीची डिस्क बनवली म्हणतात. ती कधी येईल?

फेब्रुवारी २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये शोधनिबंध छापला. डीव्हीडीएवढ्या चकतीत शंभर थर, एकूण १.६ पेटाबिट, म्हणजे आपल्या मोजणीने २०० टीबी. संशोधन खरं आहे आणि भारी आहे. एक लेसर ठिपका उमटवतो, दुसरा त्याच्या कडा दाबतो, त्यामुळे ठिपका उजेडाच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा बारीक होतो. पण त्यासाठी लागणारे लेसर टेबलभर पसरलेले असतात. लिहिण्याचा वेग, वाचणाऱ्या यंत्राची किंमत आणि वर्षाला लाखो नग काढण्याची सोय हे तीनही प्रश्न बाकी आहेत. मायक्रोसॉफ्टचा काचेवर लिहिण्याचा प्रयोग आणि सेराबाइट या जर्मन कंपनीचं सिरॅमिकचं तंत्र याच रांगेत आहे. यातलं जे येईल ते डेटा केंद्रांसाठी येईल.

साध्या ब्लू-रेलाच पुढे ओढता येत नाही का, असंही विचारतात. ४०५ पेक्षा आखूड लांबीकडे गेलं की अतिनील भाग सुरू होतो आणि तो उजेड डिस्कचं प्लॅस्टिकच शोषून घेतं. म्हणून सगळ्यांनी थर वाढवण्याची वाट धरली, आणि थर वाढवले की काय होतं ते वर सांगितलं आहे.

माझ्याकडे ब्लू-रे रायटर आहे. त्यात १०० जीबीची डिस्क चालेल का?

ड्राइव्हच्या तोंडावर किंवा खोक्यावर 'बीडीएक्सएल' लिहिलेलं असेल तरच. २०१० च्या आधीचा असेल तर चालण्याचा प्रश्नच नाही. अनेक जुने ड्राइव्ह २५ आणि ५० लिहितात, १०० घातली की नुसतेच फिरत बसतात. संगणकाच्या आत बसवायच्या ड्राइव्हमध्ये असुसचा बीडब्ल्यू-१६डी१एचटी आणि एलजीचा डब्ल्यूएच१६एनएस४० हे बीडीएक्सएल लिहिणारे, बरेच वापरलेले आणि पारखलेले आहेत. पण त्यांना सव्वापाच इंची कप्पा लागतो आणि हल्लीच्या दिवे लागलेल्या काचेच्या कॅबिनेटांत तो कप्पाच नसतो. मग यूएसबीचं बाहेरचं खोकं घ्या.

लॅपटॉपला लावायच्या सडपातळ ड्राइव्हची गोम विजेत आहे. १०० जीबीची डिस्क लिहिताना तो यूएसबीच्या एका तोंडातून मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त ओढतो. डिस्क सुरुवातीला बिनतक्रार लिहिली जाते, आणि पहिला थर संपून दुसऱ्यावर उडी मारताना ड्राइव्ह खटकन सुटतो. महागडी डिस्क बाद. दोन तोंडांची वाय-केबल किंवा स्वतःची वीज असलेला हब वापरा.

ड्राइव्ह तरी मिळत राहतील ना?

मला डिस्कपेक्षा याची काळजी जास्त वाटते. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं, एलजीने २०२४ च्या शेवटी. संगणकाच्या ड्राइव्हमधलं सगळ्यांत मानाचं नाव म्हणजे पायोनियर, त्यांनीही २०२५ मध्ये हा धंदा एका चिनी कंपनीला विकला. उरलेल्या बहुतेक ब्रँडच्या आत हिताची-एलजीचंच यंत्र असतं.

चांगली लिहिलेली डिस्क वीस वर्षं कपाटात टिकेल. पण वीस वर्षांनी ती घालायची कशात? म्हणून ज्यांना हा मार्ग धरायचाच आहे त्यांना मी सांगतो, डिस्कचा ढीग घेण्याआधी दुसरा ड्राइव्ह घ्या, एकदा चालवून बघा आणि सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात घालून ठेवा. लेसर वापराने झिजतो. डब्यात ठेवलेला ड्राइव्ह बराच काळ साथ देतो. मात्र रबरी पट्टा कडक होऊ नये म्हणून वर्षातून एकदा तो बाहेर काढून ट्रे चार-सहा वेळा उघडमीट करा.

एम-डिस्क हजार वर्षं टिकते म्हणतात. घ्यावी का?

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मिलेनियाटा कंपनीची ही कल्पना. साध्या कोऱ्या डीव्हीडीत सेंद्रिय रंग असतो आणि तो ऊन-उष्णतेने उतरतो. एम-डिस्कमध्ये त्याऐवजी दगडासारखा असेंद्रिय थर ठेवला आणि लेसरने त्यात खड्डाच पाडला. २००९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्रात झालेल्या चाचणीत ती तगली, बाकीच्या बाद झाल्या. उलट फ्रान्सच्या एलएनई प्रयोगशाळेने ९० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत ठेवून पाहिलं तेव्हा ती इतर चांगल्या डीव्हीडींपेक्षा सरस निघाली नाही. मिलेनियाटा स्वतः २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. हजार वर्षांची हमी देणारी कंपनी दहा वर्षंही धड चालली नाही. यावर आमच्याकडे येणारी मंडळी पोटभर हसतात.

ब्लू-रेच्या बाबतीत फरक आणखी कमी आहे, कारण साधी चांगली कोरी ब्लू-रेही असेंद्रिय थराचीच असते. अपवाद एक: खोक्यावर 'एलटीएच' ही तीन अक्षरं दिसली तर ती डिस्क सेंद्रिय रंगाची, स्वस्त आणि कमी टिकाऊ. ती जपणुकीसाठी घेऊ नका. 'एचटीएल' असेल तर ठीक. १०० जीबीच्या डिस्क बाजारात बऱ्याचदा एम-डिस्क म्हणूनच मिळतात, तेव्हा नाइलाज असतो. २५ जीबीत मात्र दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा त्याच पैशांत साध्या डिस्कवर दोन प्रती काढून दोन गावांत ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

कोकणात पावसाळ्यात बुरशी लागते. ब्लू-रेलाही लागेल का?

लागेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००३ मध्ये दिलेला सल्ला ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेचा आहे. जुलैत रत्नागिरी-मालवणकडे किंवा गोव्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, तेव्हा तो सल्ला वाचून फक्त सुस्कारा टाकायचा.

रत्नागिरीकडच्या एका घरातून मध्यंतरी गणपतीतल्या भजनांच्या सीडी आल्या होत्या, कापडी खिशांच्या अल्बममध्ये ठेवलेल्या. ट्यूबलाइटखाली तिरक्या धरल्या की पांढरट जाळं दिसायचं, नेमकं कापडाचा स्पर्श होता त्या बाजूला. जाळं वरवरचं होतं त्या डिस्क भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि पाण्याने धुऊन, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसल्यावर वाचल्या गेल्या. काहींवर मात्र नावाचा कागदी स्टिकर होता. तो ओल पिऊन फुगला आणि सोलताना खालचा चकाकणारा थर घेऊनच निघाला. त्यातली भजनं गेली ती गेलीच.

बेलीझमध्ये सीडीचा थर खाणारी बुरशी स्पॅनिश शास्त्रज्ञांना २००१ मध्ये सापडली होती. तिथली हवा आपल्या कोकणासारखीच दमट.

तेव्हा कापडी अल्बम नको, कागदी स्टिकर तर नकोच नको. प्रत्येक डिस्क वेगळ्या कडक डबीत, उभी. सगळ्या डब्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, आत सिलिका जेल. नाव लिहायचं तर डिस्कसाठीच्या पेनने, मधल्या पारदर्शक कड्यावर. ब्लू-रेचं कवच पातळ असलं तरी कडक लेपाचं असतं, त्यामुळे ओरखडे डीव्हीडीपेक्षा कमी पडतात. बोटाचे ठसे मात्र तिला जास्त बाधतात.

१ टीबीचे फोटो आहेत. डिस्कवर ठेवू की हार्ड डिस्कवर?

१ टीबी म्हणजे २५ जीबीच्या चाळीस डिस्क किंवा १०० च्या दहा. १०० जीबीची डिस्क ४एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या चौपट, वेगाने लिहायला दीड तासाच्या वर लागतो, आणि पडताळणीचा वेळ वेगळा. दहा डिस्क म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम, तेही अधूनमधून उठून बदलायच्या. पैशाने बघाल तर बाहेरची हार्ड डिस्क केव्हाही स्वस्त, वेगाने बघाल तरी तीच.

डिस्कच्या बाजूने बोलायचं तर एकच मुद्दा आहे, पण तो वजनदार आहे: एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचं कुणालाही पुसता येत नाही. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) येऊ दे, नातवाने चुकून डिलीट दाबू दे, हार्ड डिस्क टेबलावरून पडू दे. म्हणून सगळे १ टीबी डिस्कवर चढवायचे नाहीत. त्यातलं जे पुन्हा मिळणार नाही ते निवडा: आजीचा आवाज, लग्नाचं मूळ चित्रीकरण, जमिनीची कागदपत्रं, स्कॅन केलेल्या निगेटिव्ह. बहुतेक घरांत हे सगळं मिळून दोन-चारशे जीबीच्या आत बसतं. ते डिस्कवर, आणि त्यासकट बाकी सगळं दोन हार्ड डिस्कवर.

एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह, वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवण्यासाठी नसते. टेप उत्तम, एलटीओ-९ या प्रकारच्या एका टेपवर १८ टीबी मावतात, पण तिचा ड्राइव्ह काही लाखांत जातो. घरच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

डिस्क लिहिताना काय काळजी घ्यावी?

लॅपटॉप झोपी जाण्याची सोय बंद करा, चार्जर लावून ठेवा. फायली हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असू द्या, वायफायवरून ओढू नका. वेग सगळ्यांत जास्त नको, सगळ्यांत कमीही नको. बीडीएक्सएलला ४एक्स ठीक. लिहून झाल्यावर पडताळणी करा, शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर. प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून ती यादी डिस्कवरच टाका. डिस्क गच्च भरू नका. दहा टक्के जागा राखून तिथे पार२ या पद्धतीच्या दुरुस्ती फायली ठेवल्या तर पुढे एखादा भाग वाचला गेला नाही तरी तो परत उभा करता येतो. एकच डिस्क तीन-चार बैठकांत थोडीथोडी लिहिणं टाळा.

कोर्टात पुरावा म्हणून ब्लू-रे चालते का?

एकदाच लिहिता येणारी डिस्क असेल तर मजकुराशी छेडछाड झाली नाही हे दाखवायला बरी पडते, पण तेवढ्याने भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅशची नोंद असते. समोरच्याकडे ब्लू-रे ड्राइव्ह असेलच असं नाही, म्हणून छोट्या फायली अजून सीडी-डीव्हीडीवरच दिल्या जातात. काय चालेल ते आपल्या वकिलांना विचारा.

ऑनलाइन खूप स्वस्तात १०० जीबीच्या डिस्क दिसतात. घेऊ का?

सीलबंद खोकं, ओळखीचा ब्रँड आणि परत करण्याची सोय, या तिन्हींशिवाय नको. एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन विक्रेत्याकडून सुट्या डिस्कची चळत मागवली होती. छापलेलं १००, ड्राइव्हमध्ये घातल्यावर दिसले २५. डिस्कची खरी ओळख मधल्या कड्याजवळ कोरलेल्या संकेतात असते आणि बर्निंगची सॉफ्टवेअर ती दाखवतात. पार्सल आल्याआल्या एक डिस्क घालून पाहा, परतीची मुदत संपायच्या आत.

आता साठा करून ठेवावा का?

दोन वर्षं पुरेल एवढा, त्याहून जास्त नको. कोऱ्या असेंद्रिय डिस्क नीट ठेवल्या तर खराब होत नाहीत, पण पैसा अडकतो आणि तुमचं मन बदलतं. सोनीच्या शेवटच्या मालासाठी काही जण जो भाव मोजतात तो हौसेचा भाव आहे. लिखावट त्याने अधिक टिकत नाही.

साठा करायचाच तर २५ जीबीचा. ही डिस्क सगळ्या ब्लू-रे ड्राइव्हवर चालते, बनवायला सोपी आहे, म्हणून शेवटपर्यंत तीच मिळत राहील असा माझा अंदाज आहे. एखादी बिघडली तर नुकसानही २५ जीबीचंच. आधी जातील त्या १२८ च्या, मग १०० च्या.

भाची जपानहून येते आहे. काय आणायला सांगू?

तिकडे खोक्यावर 'रेकॉर्डिंगसाठी' आणि 'डेटासाठी' असे दोन प्रकार लिहिलेले असतात. संगणकावर दोन्ही चालतात, स्वस्त असेल ते आणू दे. कोऱ्या डिस्कला रीजन कोड (ठरावीक देशांतच चालू देणारं बंधन) नसतो. विमानतळावरच्या एक्स-रेने डिस्कला काही होत नाही. ड्राइव्ह आणणार असेल तर यूएसबीवर चालणारा आणि बीडीएक्सएल लिहिलेला. वेगळा अडॅप्टर लागणारा असेल तर अडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' छापलंय ना ते बघायला सांगा. नुसतं १०० लिहिलं असेल तर तो आपल्याकडच्या प्लगमध्ये घालताच जळेल.